आक्कांनी धाडलेलं गिऱ्हाईक आणि दोन पितळी नळ्या

कोल्हापूर,
दसऱ्यानंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप आक्कांना,
संयोगिताचा पायांना हात लावून नमस्कार. (गुडघ्यांना लावत नाही, तिथं दुखतं हे लक्षात आहे.)

नव्या तेलानं गुडघ्यांना काही उतार पडला का? दाजींचा खोकला कसा आहे? आणि तांबडी म्हैस अजून लाथा झाडते का तेही कळवा. झाडत असेल तर धारेला दाजींना बसवू नका. मागच्या खेपेची लाथ म्हैस संध्याकाळपर्यंत विसरली, दाजी अजून विसरलेले नाहीत. माझं ठीक आहे. जेवते, झोपते, वाचनालयातून आणलेलं पुस्तक मुदतीच्या आत वाचून परत करते. हिंगाच्या पुडीचा कागदसुद्धा सरळ करून वाचायची माझी खोड तुम्हाला माहीत आहे, ती अजून आहे.

आता फोन असताना हा कागद कशाला, असं तुम्ही म्हणाल. आक्का, फोनवर मी तुम्हाला हाक मारते तोवर तुम्ही “इकली का गाडी?” म्हणता, आणि मी तोंड उघडते तोवर तुमच्या मागं कुकर शिट्टी देतो, तुम्ही “थांब गं” म्हणता आणि फोन तसाच ओट्यावर ठेवून जाता. परवा मी बराच वेळ तुमच्या आमटीची फोडणी ऐकली. (मोहरी करपली होती, आवाजावरून कळलं.) मला जे सांगायचं आहे त्याला लांबण लागणार आहे, आणि कागद मध्येच उठून गॅस बंद करायला जात नाही. पिराजीचा दुधाचा टेम्पो रोज तुमच्या मुरगुडाहून येतो, परत जाताना रिकामाच असतो, त्याच्या हाती देते. तो वाटेत वाचेल, पण त्याला चालवताना चार ओळींपलीकडे वाचता यायचं नाही, आणि पहिल्या चार ओळींत तुमचे गुडघेच आहेत.

तर गाडी विकली का? नाही. हे वाचून कागद खाली ठेवू नका, पुढं वाचा. मी तुमच्या शब्दाबाहेर गेलेले नाही. भाद्रपदात तुम्ही इथं आलात, सोप्यात उभ्या राहिलात आणि कमरेवर हात ठेवून म्हणालात ते मला तोंडपाठ आहे. “ही गाडी जोवर सोप्यात हुबी हाय तोवर तू काय घराभाईर पडत न्हाईस. इकून टाक आन मोकळी हो बाई.” तुमचं खोटं नव्हतं. हे गेले त्याला तीन वर्षं होतील. तेव्हापासून गाडी सोप्यात आणि मी गाडीपाशी. सकाळी तिची धूळ पुसायची, तिच्याच सीटवर पेपर पसरून वाचायचा, निवडायची मेथी टाकीवर ठेवायची (ओरखडा पडू नये म्हणून खाली पंचा), येता-जाता तिच्या स्टँडला पायाचं बोट आपटून घ्यायचं आणि वर तिचीच समजूत काढायची. कुणी लग्नाला बोलावलं की माझा पाय दुखायचा, बारशाला बोलावलं की डोकं. तुम्ही ते बघितलंत आणि गिऱ्हाईक धाडलंत. तुमच्या पाठच्या भावाची गाडी, तुमचाही तिच्यावर जीव, तरी विक म्हणालात. ते माझ्यासाठी म्हणालात, एवढं मला कळतं.

तुम्ही धाडलेले पावणे, सांगलीचे यशराज, चांगल्या घरचे दिसले. जुन्या गाड्या गोळा करतात, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालतात, काकी म्हणतात, चप्पल दारातच काढतात. गाडीभोवती ते हात जोडायचेच काय ते बाकी ठेवून फिरले. ह्यांनी ही जपानी गाडी बेळगावच्या एका निवृत्त फौजी साहेबांकडून कशी आणली ते त्यांना ऐकायचं होतं, आणि मला सांगायचं होतं, त्यामुळं चहा दोनदा झाला. दुसऱ्या चहाच्या वेळी त्यांनी गाडी सुरू केली आणि हातातला कप सीटवर ठेवला. कप आधी थरथरला, मग चालायला लागला, आणि बघता बघता सीटच्या कडेवरून खाली गेला. (तुम्ही संक्रांतीला दिलेल्या सेटमधला. पाच उरलेत.) पावण्यांनी तुकडे स्वतः गोळा केले आणि म्हणाले, “काकी, गाडी झकास हाय, पर जाग्यावर लई हादरतीया. तेवढं नीट करून ठेवा, दसऱ्याला येतो आन घेऊन जातो.” म्हणजे पुढं जे काही झालं ते सगळं गाडी विकण्यासाठी झालं, हे ध्यानात धरून वाचा.

मी इलाहीभाईला बोलावलं. तुम्हाला आठवत असेल, दर रविवारी ह्यांच्याशी भांडायला यायचा तो मिस्त्री. हे गेल्यावर रविवारी त्याला भांडायला कुणी उरलं नाही, म्हणून तो नव्या गाड्यांशी भांडतो. त्याने गाडी सुरू केली, कान वाकडा केला आणि म्हणाला, “वैनी, दोघींचं पटंना झालंय.” दोघी म्हणजे कार्बोरेटर. तुम्हाला समजेल असं सांगते. ह्या गाडीला दोन सिलिंडर आहेत, म्हणजे पोटं दोन, आणि दोन्ही पोटांना पेट्रोल आणि हवा कालवून भरवणारे दोन वेगळे कार्बोरेटर. दोघांनी सारखी ओढ लावली तर गाडी शांत. एकानं जास्त लावली की झालं. दोन जावा मिळून एक मोठं पातेलं उचलतात, एक कंबर मोडेस्तोवर जोर लावते आणि दुसरी नुसती कडेला बोटं लावते, मग आमटी सांडते की नाही, तसं. (नावं घेत नाही. तुमच्या थोरल्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.)

कुणाची ओढ किती हे मोजायला दोन्ही बाजूंना, इंजिनाच्या नरड्याशी, एक-एक बारीक भोक असतं, स्क्रूनं बंद केलेलं. टाकी उतरवायची, ते स्क्रू काढायचे, त्या जागी तात्पुरत्या नळ्या पिळायच्या, नळ्यांना पाइप, पाइपाला मोजायचं घड्याळ. मोजून झालं की उलट क्रमानं सगळं परत. ह्यांना या कामाचा इतका संताप की त्या दिवशी मी मुलखाची भांडी काढून घासायला बसायचे, म्हणजे त्यांचं बोलणं ऐकू येऊ नये. स्क्रू हरभऱ्याएवढा, जागा उंदराच्या बिळाएवढी आणि ह्यांचा हात तुम्हाला माहीत आहे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं की तिथं कायमच्या नळ्या बसवायच्या. टाकीखालून जरा बाहेर डोकावतील अशा, आणि एरवी हवा आत जाऊ नये म्हणून वर रबरी टोप्या. टोपी काढली, पाइप लावला, मोजलं, टोपी घातली, झालं. टाकीला हात लावायला नको. हे मी दर आठवड्याला ऐकत होते. पुढच्या रविवारी बसवू, असं म्हणायचे. रविवार पुष्कळ आले.

तर मी इलाहीभाईला म्हटलं, आता बसवूच. घेणाऱ्याला तरी सोयीचं होईल. (बघा, मनात विकण्याचाच विचार.)

पहिला स्क्रू निमूट निघाला. दुसऱ्याला इलाहीभाईनं आधी गोड बोलून बघितलं, मग तेल पाजलं, मग त्याच्या खानदानाचा उद्धार केला (मी दारातच उभी होते म्हणून फक्त आज्जापर्यंत गेला), आणि शेवटी अंगातला सगळा जोर लावला तेव्हा स्क्रूचं डोकं त्याच्या हातात आलं आणि धड आत राहिलं. मग ते धड ड्रिलनं पोखरून काढलं. त्यात भोक मोठं झालं, त्याला नवे आटे पाडावे लागले. म्हणजे आता डावं भोक कंपनीचं आणि उजवं इलाहीभाईचं. हे त्याला माहीत होतं, त्यानेच केलं होतं. तरी उद्यमनगरात लेथवाल्याकडे गेला आणि एकाच मापाच्या दोन नळ्या करून घेऊन आला. मी म्हटलं, इलाहीभाई, माप नाही घेतलं? तर म्हणाला, “वैनी, माप कशाला? माझा डोळा हाय की.” डोळ्याच्या मापाची डावी नळी पहिल्याच पिळाला बसली. उजवी भोकात घातली तर सरळ आत पडायला निघाली. नळ्या जुळ्या आणि भोकं सावत्र. इलाहीभाईनं ती नळी उचलून उजेडाकडं धरली आणि म्हणाला, “लेथवाल्यानं घोटाळा केला.” मी त्याला चहा दिला. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्याच्याबरोबर उद्यमनगरात गेले. पदराआड मोठ्या झालेल्या भोकात बसणारा स्क्रू, हातात फूटपट्टी. लेथवाल्यानं आधी स्क्रूकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि बसायला पिंप उलटं करून दिलं. पितळेचा गज फिरताना त्याची सोन्यासारखी साल निघते, ती बघत दुपार कधी गेली कळलं नाही. तीन वर्षांत कुठल्या लग्नात मी एवढा वेळ बसले नव्हते.

गाडीचं पुस्तक ह्यांच्या कपाटात होतं, इंग्रजीत. माझी शाळा सातवीला सुटली ते तुम्ही जाणता. पण डिक्शनरी घेऊन बसले की मी कुठल्याही पुस्तकाला घाबरत नाही, वेळ लागतो इतकंच. मी पाटावर बसून पोथी लावावी तसं वाचायचे आणि इलाहीभाई टायरवर बसून श्रोता. त्याला त्यातलं एक वाक्य पटायचं नाही. “जपान्याला काय ठावं कोल्हापूरचं पेट्रोल?” आणि प्रत्येक अध्यायाच्या शेवटी फलश्रुतीसारखं एकच वाक्य यायचं, की हे काम स्वतः करू नये, जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे. त्या पुस्तकाच्या लेखी जवळचा अधिकृत विक्रेता कुठं असेल तर समुद्राच्या पलीकडं. तेवढं वाक्य मी श्रोत्याला वाचून दाखवत नव्हते.

नळ्या बसल्या, पण मोजायचं घड्याळ कुठाय? इलाहीभाईचं घड्याळ कुणीतरी मागून नेलं ते नेलंच. मी ह्यांचं बी.पी. बघायचं यंत्र काढून दिलं. त्याने ते हातात घेऊन उलटसुलट केलं आणि हळूच परत दिलं. “वैनी, ह्यात फुगवायचं असतंय. आपल्याला ओढ मोजायची हाय.” ते मी पुन्हा जागेवर ठेवलं. मग त्याने एका फळीवर पारदर्शक पाइप इंग्रजी यू अक्षरासारखा वाकवून ठोकला. दोन टोकं दोन नळ्यांना आणि मधल्या पोटात तेल. ज्या बाजूची ओढ जास्त, त्या बाजूला तेल चढतं. युक्ती चांगली. पण तो रविवार होता, दुकान बंद, इंजिनाचं तेल नाही. मी म्हटलं, शेंगतेल चालेल का? तो म्हणाला, तेल ते तेल.

आक्का, गाडी सुरू झाली आणि आमची डावी जाऊबाई अशी काही हपापलेली निघाली की डोळ्याचं पातं लवायच्या आत फळीवरचं सगळं शेंगतेल तिनं ओढून पिऊन टाकलं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, आणि धुरामागून कांदाभज्यांचा वास. तसाच, यात्रेत येतो तसा. गल्लीत दारं उघडली. शेजारच्या शालूबाई पदराला हात पुसत आल्या आणि सोप्यात न बघता सरळ माझ्या स्वयंपाकघरात गेल्या. परत येऊन म्हणाल्या, “एकटीसाठी एवढा घाणा काढलास आन लपवलास कुठं?” मी गाडीकडे बोट दाखवलं तर त्यांना ते खोटं वाटलं. शेवटी मला खरोखरच कढई चढवावी लागली. दहा-बारा माणसं सोप्यात गाडीभोवती बसून भजी खाऊन गेली. एवढी माणसं त्या सोप्यात ह्यांच्या दिवसकार्यानंतर पहिल्यांदाच आली, आणि यावेळी सगळी मोठमोठ्यानं बोलत होती.

पुढच्या खेपेला योग्य तेल आणलं, पाइपात मध्ये बोळा घालून हावरेपणा कमी केला, आणि इलाहीभाई कार्बोरेटरचा स्क्रू केसाएवढा इकडं, केसाएवढा तिकडं फिरवत बसला. डावं तेल खाली आलं, उजवं वर आलं, दोन्ही एका रेघेत येऊन थांबली. गाडी अशी शांत झाली की मी मुद्दाम सीटवर ठेवलेल्या चहावर नुसती बारीक वळी उठत होती. ह्यांच्या वेळचा तोच आवाज, आक्का. इलाहीभाईनं टोपी काढून घाम पुसला आणि म्हणाला, “सयाजीराव असतं तर म्हणलं असतं, आजून एक केस.” खरं आहे, तसंच म्हणाले असते. मी दूध उतू जातंय का ते बघायला आत गेले. दूध तापत ठेवलेलं नव्हतं, पण बघून आले.

त्यानंतर काही दिवस गाडीची चाचणी घ्यायला शेंडा पार्कच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर जावं लागायचं, आणि मालकाच्या घरचं कुणीतरी पाहिजे म्हणून मी जायचे. सीटचा फोम उंदरांनी कुरतडला होता, तो थोडा कापून कमी केला. मध्ये दोन-तीनदा तुमचा फोन उचलला नाही तेव्हा मी आरटीओत होते, एक कागदाचं काम होतं. हे सगळं ओघात आलं म्हणून लिहिलं, त्याला महत्त्व नाही.

आता खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची, गाडीची पूजा झालीच पाहिजे, आणि शालूबाई दरवर्षी येऊन ती करतात, कारण हळदीकुंकवाचं काम माझ्या हातून त्यांना चालत नाही. मला त्याचं आता काही वाटत नाही, म्हणजे रोज वाटत नाही. मी आत पुरणाला होते. पितळेच्या नळ्या मी आदल्या दिवशी चिंचेनं घासून लख्ख केल्या होत्या. (माझीच हौस. विकायची वस्तू चकचकीत असावी.) शालूबाईंना टाकीखाली दोन काळ्या टोप्या दिसल्या, त्यांनी एक उचलून बघितली तर आत पिवळंधमक पितळ. त्यांची खात्री पटली की ह्यांनी जाण्यापूर्वी गाडीत दोन देव बसवून घेतले होते आणि मी ते देव रबराखाली झाकून ठेवलेत. त्यांनी दोन्ही टोप्या काढून तबकात टाकल्या, देवांना हळद लावली, कुंकू लावलं, ते ओघळतंय म्हणून अंगठ्यानं नीट आत दाबलं, वर झेंडूची एक-एक पाकळी खोचली, सगळ्यावरून हारांचे थर घातले आणि टोप्यांसकट तबक घेऊन घरी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, “देवांना कोंडून ठेवू नये गं.” मला वाटलं देवघराचं बोलतायत. मी हो म्हटलं. गाडीच्या चाकांना, उंबऱ्याला, इळी-विळ्याला, मिक्सरलासुद्धा त्यांनी कुंकू लावलं होतं. पुरणयंत्रालाही. पुरणयंत्र माझ्या हातात होतं.

दसऱ्याला पावणे आले. तोच कडक पांढरा शर्ट, बरोबर पेढे, गाडी न्यायला टेम्पो. इलाहीभाई नवी टोपी घालून हजर, कारण कौतुक ऐकायचं होतं. मी हार बाजूला केले. पावण्यांना नळ्यांचं कोण अप्रूप, ते गुडघ्यावर बसले आणि डोळा लावून बघायला वाकले. “काकी, ह्यो तर कलाकुसरीचा नमुना हाय.” त्याच घडीला इलाहीभाईनं बटण दाबलं. टोपी नसलेली डावी नळी पाकळीसकट सगळी हळद आत ओढून मोकळी झाली. उजवीला ते गिळवेना. गाडीनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि तिसरीला फटकन आवाज होऊन उजव्या नळीतून सगळा प्रसाद बाहेर आला, तो पावण्यांच्या दोन भुवयांच्या बरोबर मध्ये. कपाळ लाल, नाक पिवळं, शर्टाची रंगपंचमी, आणि उजव्या मिशीला झेंडूची पाकळी. इकडं हवा मोकळी मिळाल्यानं गाडी सुसाट ओरडत होती, इलाहीभाई बाजूला सारलेल्या हारांखाली किल्ली शोधत होता, आणि तेवढ्यात शालूबाई सोनं द्यायला दारात आल्या. त्यांनी पावण्यांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आपट्याची पानं तिथंच ठेवली आणि हात जोडले.

शेवटी किल्ली सापडली आणि गाडी बंद झाली. इलाहीभाईनं नळीत बोट घालून बघितलं, बोट पिवळं. म्हणाला, “वैनी, हिला आतून हळद लागली. आता लगीनच लावाय पायजे.” दोन्ही कार्बोरेटर उतरवून धुवायला त्याचे पुढचे काही दिवस गेले, आणि टोप्या शालूबाईंच्या देवघरात सापडल्या. कापसाच्या गादीवर ठेवल्या होत्या.

तर आक्का, असा सगळा घोटाळा होऊन व्यवहार फिसकटला. यात कुणाचा दोष म्हणावा तेच कळत नाही. मी माझ्या परीनं गाडी विकायला जेवढं करायचं तेवढं केलं. गाडी अजून इथंच आहे, काय करणार.

दाजींना नमस्कार. तुमच्या आदर्शला म्हणावं, बायकोला घेऊन ये, भजी करीन, यावेळी कढईत. तुम्ही गुडघ्यांना जपा आणि मोहरी तडतडली की गॅस बारीक करत जा.

तुमची,
संयोगिता

ता. क. तुम्हाला सांगलीहून फोन येईल आणि पावणे थोडं वेगळं सांगतील, म्हणून मीच सांगते. व्यवहार फिसकटला हे खरं, पण पावण्यांकडून नाही. त्यांनी माझ्याकडून टॉवेल मागून घेतला, तोंड पुसलं आणि हसत हसत खालीच बसले. “काकी, आता तर हीच पायजे. मला कुंकू लावून घेतलंय हिनं.” टेम्पोची फळी लावलेली होती. नाही म्हटलं ते मी. पेढे मात्र ते आग्रहानं ठेवून गेले, स्वभाव खरंच चांगला आहे. पिराजीकडे त्यातले अर्धे दिलेत, डबा उघडलेला असेल तर समजा.

आणखी एक. आरटीओतलं कागदाचं काम म्हणजे गिअरच्या गाडीचं लायसन. माझ्याकडं नुसतं स्कूटरचं होतं. फोमला उंदीर लागले नव्हते. सीट उंच होती, माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून इलाहीभाईकडून कापून घेतला. शेंडा पार्कला गाडी मी चालवत होते आणि तो मागं स्कूटरवरून ओरडत यायचा. दोनदा पडले, दोन्ही वेळा गाडी उभी असताना, त्यामुळं लागलं नाही. तुम्ही म्हणाला होतात की गाडी सोप्यात आहे तोवर मी घराबाहेर पडणार नाही. आता सोपा रिकामा असतो, आक्का. गाडी बाहेर असते आणि तिच्याबरोबर मीही.

शेवटचं, आणि ह्याच्यासाठी एवढा कागद भरला. भाऊबीजेला हे ह्याच गाडीवरून तुमच्याकडे यायचे. बाजारपेठेच्या वळणावर आवाज आला की तुम्ही हातातलं टाकून तबक उचलायचा, आणि ते दारात पोचेपर्यंत निरांजन पेटलेलं असायचं. मी मागच्या सीटवरून दरवेळी बघितलं आहे. ते गेल्यापासून त्या वळणावर तो आवाज झाला नाही. या भाऊबीजेला सकाळी होईल. हुबेहूब तोच, उलट दोन्ही बाजू सारख्या केल्यानं थोडा जास्तच गोड. तुमचा हात आपसूक तबकाकडे जाईल, मग तुम्हाला आठवेल, आणि मग तुम्ही एकट्याच दाराच्या पायरीवर बसाल. ते होऊ नये म्हणून आधी सांगून ठेवते, की ती मी असेन. तरीही तुम्हाला नको असेल तर पिराजीच्या हाती नुसता निरोप द्या, मी एस.टी.नं येईन आणि कधी विषय काढणार नाही. पण निरोप आला नाही तर निरांजन लावा. गाडीला ओवाळा. कुंकू टाकीला लावा, नळ्यांच्या जवळ तबक नेऊ नका. आणि लावून उरलंच, तर मी हेल्मेट काढून उभी असेन.